रकाना नऊ

दर अर्जामागे सात रुपये.
दोनशे अर्ज, दोन निळे पेन, एक पॅड,
सारंगखेड्याच्या पुलाखाली, काठाच्या उतारावर
पालथ्या घातलेल्या होडीची सावली.
समोर पाण्यात बेट.
फलकावर लिहिलंय 'तापी आयलंड',
झुलाल भोई त्याला डांगरबेट म्हणतो
आणि फलकाला होडी बांधतो.

वय. गाव. शिक्षण. मासिक उत्पन्न
(इथे सगळे घसा खाकरतात).
सोबत कोण. किती तास थांबणार.
नऊ : येण्याचे कारण. एकाच चौकटीत खूण करा.

शहाद्याच्या पतपेढीतले अकरा जण,
हिरव्या वांग्यांचं पोतं, काट्यांचा भारा,
कळण्याचं पीठ घरूनच मळून आणलेलं.
त्यांचं बेट म्हणजे
वारा कुठून येतो ते बघून मांडायची चूल.
पक्षी? असतील ना, म्हणाले,
भाकरीचा एक चतकोर माझ्या पॅडवर ठेवून गेले.
त्या अर्जावर अजून तेलाचा डाग आहे.

नाशिकचा फोटोवाला अंधारातच उतरला होता.
त्याचं बेट म्हणजे चक्रवाकाची एक जोडी,
ती धुराने उठली.
समाधान : पाचपैकी एक.
पतपेढीचं : पाचपैकी पाच.
एकच दिवस, एकच धूर.

दोंडाईच्याची दोघं नावं सांगेनात.
त्यांना बेटाची पलीकडची बाजू हवी होती,
जिथून पूल दिसत नाही.
कारण? निसर्ग, तो म्हणाला.
तिने ओढणीत हसू धरलं.
मी निसर्गावर खूण केली.

कानबाईच्या दुसऱ्या दिवशी मात्र
कुणी अर्जाकडे पाहिलंच नाही.
डोक्यावर चौरंग घेतलेल्या बाईला
मासिक उत्पन्न कसं विचारायचं?

सर म्हणतात, संबंध काढ :
कोणत्या माणसाला कोणतं आकर्षण.
निघतो संबंध. टक्क्यांत निघतो.
चाळिशीपुढे देऊळ, पंचविशीआत आडोसा,
लांबून आलेल्यांना पाखरं, जवळच्यांना भरीत.
तक्ता इतका नीट जमला
की मला त्याचीच शंका आली.

दगूबाई दर सोमवारी येते.
झुलाल पैसे घेत नाही,
ती चाळीस रुपये फळीवर ठेवून, वर दगड ठेवते.
कशाले चालनी माय?
डांगर देखाले.
आते कोठे शेत डांगर?
नही शेत. म्हनीसन तं देखाले जास.

बॅरेजचं पाणी अडलं त्याच्या आदल्या वर्षापर्यंत
इथे रेतीत तिची वाडी होती,
हे झुलालने सांगितलं. ती सांगत नाही.
ती बेटाच्या टोकाशी बसते, पाण्याकडे तोंड करून,
आणि तिसऱ्या फेरीला परत येते.
तिचा अर्ज ऑफिसातून परत आला, वर लाल शेरा :
स्थानिक रहिवासी पर्यटक धरू नयेत.
सात रुपये कापले.

मे महिन्यात दारं उघडली.
पाणी उतरलं, बेट काठाला लागलं.
फलक रेतीत उभा, होडी कलंडलेली,
झुलाल बिडी विझवून पुन्हा पेटवतो.
आता बकऱ्याही चालत जातात,
म्हणून माणसं येत नाहीत.
माझे सहा अर्ज उरलेत.

दगूबाई आली, चपला हातात घेऊन.
माझ्या शेजारून जाताना थांबली :
तू कशाले येस व पोरी रोज?
सात रुपया भेटतस, मी म्हणाले.
मंग तेच लिख ना.

आणि पुढे जाऊन
तिने रेतीत बोट खुपसलं, बोटभर खोल,
कमरेच्या पिशवीतून एक बी काढून टाकलं,
तळव्याने रेती सारखी केली.
मोसम कधीच गेलेला.
जूनमध्ये पाणी येणार, तिला माहीत.
वीतभर सरकून
तिने दुसरं बोट खुपसलं.